धोंडीबुवा आणि मुशीचं कालवण

आमच्या थोरल्या मुलीचं बाळंतपण गेल्या महिन्यात आमच्याकडेच झालं. तिच्या आईनं रीतीप्रमाणे तिला मुशीचं कालवण करून घातलं. आम्ही कोकणातली माणसं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी घालायची, हे आमच्यात कुणी कुणाला शिकवत नाही. मुशी म्हणजे खरखरीत कातडीचा समुद्रातला मासा. तिला काटे नसतात, आत नुसतं मऊ, कुरकुरीत हाड असतं. त्या दिवशी सगळं घर तेच जेवलं. मी पानावरून उठलो. बायकोला कारण ठाऊक आहे. जावयांना मात्र वाटलं, सासऱ्यांचं पोट बिघडलं.

मला धोंडीबुवा आठवले होते. इतकी वर्षं गेली, मी पन्नाशीला आलो, तरी त्या वासासरशी ते पुढ्यात येऊन बसतात. एकदा लिहून काढावं म्हणून बसलो आहे.

मी त्या वेळी परळच्या एका गिरणीत हजेरी कारकून होतो आणि लालबागला एका चाळीत पहिल्या मजल्यावर राहत होतो. धोंडीबुवा त्याच गिरणीत साचा चालवत, म्हणजे मागावर कापड विणत, आणि आमच्याच गॅलरीच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत राहत. उंच, वाळलेला माणूस. साच्यावर वाकून वाकून पाठीला बाक आलेला. गळ्यात तुळशीची माळ, इतकी घट्ट की गाताना कंठाच्या गाठीबरोबर मणी वरखाली होत. ते साताऱ्याकडच्या कोरड्या मुलखातले. मुंबईत येऊन कैक वर्षं झाली होती, पण हे शहर आपलं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. गावाला ते 'आमचा देश' म्हणत आणि मुंबईला 'ह्यो परमुलूख'. आम्ही चेष्टा करायचो, "बुवा, परमुलखात आलात, मग बोटीनं आलात की काय?" ते गंभीरपणे सांगायचे, "घाट उतरून आलो. त्योच आमचा समिंदर."

त्यांना एक खोड होती. खाण्याची कुठलीही अनोळखी वस्तू समोर आली की ती हातात घेऊन, उलटसुलट करून विचारायचे, "ह्याचं गाव कंचं?" सुरणाला विचारलं, नीरफणसाला विचारलं. आपण गावाचं नाव सांगितलं की मान डोलवायचे, वस्तूची नीट ओळख झाल्यासारखं करायचे आणि मगच तोंडात घालायचे. माझ्या बायकोनं एकदा त्यांना सोलकढी दिली. वाटीत गुलाबी काहीतरी बघून त्यांनी विचारलं,

"वैनी, ह्याचं गाव कंचं?"

"आमचंच. रातांब्याचं आगळ आहे त्यात."

"आन् दूध?"

"ते नारळाचं."

"गाईबिगर दूध?"

"हो."

बुवांनी वाटी नाकाशी नेली, मग एका घोटात रिकामी केली. "लबाड मुलूख हाय तुमचा वैनी. हितं झाडं पान्हवत्यात."

बायको दुसऱ्यांदा वाढायला वाकली, तर त्यांनी वाटी पालथी घातली. ही त्यांची दुसरी खोड. कुणाच्याही घरी, लग्नात, पंगतीत, ते एकदाच वाढून घेत. आग्रह केला तर म्हणत, "पावना हाय म्या. पावन्यानं मागू न्हाई." चाळीतल्या बायकांनी त्यांच्या वाटीखाली चोरून लाडू ठेवून पाहिले होते. बुवा गेल्यावर लाडू वाटीखाली तसेच राहायचे.

माळेविषयी त्यांचं वागणं कसं होतं ते गिरणीतल्या एका प्रसंगावरून कळेल. एकदा साच्यावर वाकले असताना माळेचा दोरा कशात तरी अडकला आणि तुटला. मणी साच्याखाली, सुताच्या केरात, सगळीकडे पसरले. बुवांनी साचा थांबवला आणि पोटावर सरपटत मणी गोळा करायला लागले. मुकादम शिव्या देत होता. "अरे ए घाट्या, पोर हरवलंय काय तुझं?" एक मणी सापडेना. माळकऱ्याची माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत तो पाणीही पीत नाही. बुवा दिवसभर कोरड्या तोंडानं साचा चालवत राहिले. सुट्टी झाल्यावर खात्यातल्या माणसांनी आपण होऊन झाडू घेतले आणि अख्खं खातं झाडून काढलं. केराच्या ढिगात मणी सापडला. शिव्या देणाऱ्या मुकादमानंच गिरणीचं पिळाचं सूत आणून दिलं, त्यात बुवांनी माळ ओवली, आणि रात्री भजनाचे म्होरके नानाबुवा यांनी ती त्यांच्या गळ्यात बांधली. तेव्हा कुठं ते घोटभर पाणी प्याले.

त्या भजनात वीणा बुवांकडे असे. तळमजल्याच्या एका मोठ्या खोलीत घाटावरची माळकरी मंडळी एकादशीला जमायची. बुवांचा आवाज गोड नव्हता, पण भरीव होता. बाकीचे त्याला धरून गायचे. आमच्या गॅलरीत मात्र त्यांच्या आवाजाचा वेगळाच उपयोग होता. आम्ही सगळे मासे खाणारे. कुणाच्या घरी तव्यावर मासा पडला की वास गॅलरीभर व्हायचा, आणि बुवा दार लोटून अभंग सुरू करायचे. वास जितका जास्त, तितका अभंग मोठा. बाया एकमेकींना हसून सांगायच्या, "आज बुवांनी सूर केवढा लावलाय बघ, कुणाकडे तरी सरंगा आहे." बुवांच्या कानावर हे जायचं. ते रागावत नसत. "चालूद्या तुमचं," म्हणायचे, "आमीच आलोय तुमच्या मुलखात."

मग गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं, वर्ष आलं.

जे त्या वेळी मुंबईत होते त्यांना सांगायला नको, आणि जे नव्हते त्यांना सांगून कळणार नाही. आधी उंदीर मेले, मग माणसं. बोटी आणि आगगाड्या भरभरून लोक गावाला पळाले. गिरणीचा भोंगा वाजायचा आणि दरवाजात मोजकी माणसं उभी असायची. माझ्या हजेरीला कामच उरलं नव्हतं. मी बायकोमुलांना बोटीनं गावी धाडलं आणि नोकरीसाठी एकटा थांबलो. पुढं जे लिहिणार आहे ते घडत असताना माझी मुलं गावी म्हशीचं दूध पीत होती. त्यात माझा अपराध काय, असं कुणीही म्हणेल. पण ते टोचतं, अजून टोचतं.

नानाबुवा आणि भजनाची सगळी मंडळी निघून गेली. बुवांचंही गाठोडं बांधून झालं होतं. पण त्यांची बायको राही हिचे दिवस भरत आले होते, आणि निघायच्या आदल्या दिवशीच तिचं पोट दुखायला लागलं. शेजारच्या चाळीतली सुईण आली, तिनं नाळ कापली आणि त्याच दुपारी तीही गावाला गेली. मुलगी झाली होती. ओंजळीत मावेल एवढी. याआधीची दोन मुलं त्यांनी गावी असताना महिन्याच्या आत गमावली होती.

राहीबाईला दूध आलं नाही.

आजच्या बायकांना वाटेल, त्यात काय एवढं. पण तेव्हा आमच्या आसपास पाजणारी दुसरी बाई उरली नव्हती. गवळी म्हशी घेऊन निघून गेले होते. बुवांनी कुठून तरी शेळीचं दूध आणलं, ते पोरीनं ओकून टाकलं. साखरेच्या पाण्यात कापसाची वात बुडवून तिच्या ओठांना लावायची, एवढंच चाललं होतं. शिवाय सरकारी तपासणीवाल्यांची भीती. ते घरोघर फिरत, आणि अंग गरम लागलं की माणसाला उचलून नेत. ओल्या बाळंतिणीचं अंग गरम असायचंच. त्यांना ते कोण समजावणार? म्हणून बुवा दार लावून बसत. पोर रडली की बाहेर ऐकू जाईल म्हणून त्यांचा जीव वर यायचा, आणि रडायची थांबली की त्याहून जास्त. एका सकाळी मी दाराशी गेलो, तर ते पोरीच्या नाकापुढे बोट धरून बसले होते. मला म्हणाले, "हाय. अजून हाय."

हिराबाय त्याच सकाळी आली. ही शिवडीची कोळीण, आमच्या चाळीची रोजची मासेवाली. थोराड, काळी, लहानमोठा कुणीही असो त्याला 'तू' म्हणणारी. घेणारं कुणी नव्हतं, तरी ती सवयीनं टोपली घेऊन जिना चढून आली होती. रिकाम्या गॅलरीत तिला ते बारीक रडणं ऐकू आलं.

"कोन रडतं गो? बाळंतीन कोन हाय हितं?"

टोपली खाली ठेवून ती सरळ बुवांच्या दारात गेली. बुवा आडवे आले. "बाई, सुयेर हाय. आन् आमी माळकरी."

"माळ तुझ्या गल्यात हाय. पोरीच्या पोटात काय हाय ते सांग."

बुवा बाजूला झाले. हिराबाय आत गेली, राहीबाईच्या उशाशी बसली, पोरीला उचलून पाहिलं आणि बाहेर आली.

"कोरडी हाय ती. काय घालतंस खायाला?"

"भाकरी. मीठ."

"मंग कुठनं येल दूध? मुशी घाल तिला. आमच्यात समद्या बाळंतिनी मुशीवरच उठतात."

बुवांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. मी तो पाहिला, म्हणून पुढचं मला पाहवेना. त्यांनी आशेनं विचारलं, "मुशी? ह्याचं गाव कंचं?"

"माझंच. शिवडीचं."

"मंजी तुमच्या वावरात व्हती व्हय?"

हिराबायनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"वावरात कशी होईल रं बुवा? दर्यात होती. मासली हाय ती."

बुवांनी खाली ठेवलेल्या टोपलीकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी जावा."

"जाते," हिराबाय टोपली डोक्यावर घेत म्हणाली. "उद्या येन परत. पोर हाय का नाय ते बघाया."

तो सगळा दिवस बुवा बाहेर वणवण हिंडत होते. दूध येण्यासाठी त्यांच्या देशी जे जे घालतात ते ते त्यांना हवं होतं: मेथी, अळीव, खारीक. लालबागपासून भायखळ्यापर्यंत दुकानांच्या फळ्या लावलेल्या. एका दुकानाच्या राखणीला राहिलेल्या भय्यानं मूठभर मेथी दिली, तीही किडकी. तीच शिजवून राहीबाईला घातली. दुसऱ्या दिवशी पोरीचं रडणं मांजराच्या पिलासारखं झालं होतं.

सकाळी बुवा माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"भाऊसाब, माळ काढत्यात कशी वं?"

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "घालायची कशी ते ठावं हाय. तुटली तर ववायची कशी ते ठावं हाय. काढायची कशी ते आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

मी म्हटलं, "कात्री देऊ का?"

"लोखंड नका लावू." आणि गळ्याशी हात नेऊन म्हणाले, "सूत तुमच्या गिरनीचं हाय. लई पक्कं."

मी त्यांच्याबरोबर गेलो. ते आधी राहीबाईच्या मानेमागची गाठ सोडवायला बसले. तिची माळ तिच्या वारलेल्या बापानं बांधलेली होती. ती पाठ करून बसली होती. बुवांची नखं पुरेनात, मग त्यांनी गाठीला दात लावले. माझ्या आयुष्यात मी देवळं पाहिली, पूजा पाहिल्या. पण बायकोच्या मानेशी वाकून दातांनी ती गाठ सोडवणाऱ्या बुवांइतका देवाच्या जवळ गेलेला माणूस मी पाहिला नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्यांची गाठ राहीबाईनं सोडवली. मग दोन्ही माळा हातात घेऊन ते खोलीभर बघायला लागले. खुंटी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं आणि नजर काढून घेतली. माळ खुंटीला टांगून मासे खाणाऱ्यांची चेष्टा त्यांनी स्वतःच कितीदा केली असेल. शेवटी त्यांनी त्या माळा पोरीच्या झोळीत, तिच्या उशाशी ठेवल्या.

"हिनं अजून कायबी खाल्लं न्हाई," ते म्हणाले. "हिच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

दुपारी हिराबाय मडकं घेऊन आली. बुवांनीच निरोप धाडला होता. दारातच ती थांबली आणि मोठ्या अभिमानानं म्हणाली,

"नवं मडकं हाय. नी एक सांगते, कांदा नाय, लसून नाय. तुमी माळकरी, म्हनून मी जपून केलं. एकदम शुद्ध हाय."

बुवा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते भिंतीला टेकले, डोळ्यांना पाणी आलं. राहीबाईसुद्धा पदरात तोंड घालून हसायला लागली. हिराबायला काही कळेना.

"काय झालं? मिरी घातलीय. मिरी चालते ना तुमाला?"

"चालती," बुवा कसेबसे म्हणाले. "मिरी चालती."

हसू ओसरलं. हिराबायनं ताटलीत कालवण वाढलं, भाकरीचा तुकडा ठेवला आणि ताटली राहीबाईपुढे सरकवली. राहीबाईनं हात लावला नाही.

"तुमी आदी," ती नवऱ्याला म्हणाली. "म्या एकली न्हाई बाटायची."

बुवांनी ताटली ओढली. एक घास घेतला. डोळे मिटून गिळला आणि तसेच थांबले, जणू आता काहीतरी होणार होतं. काही झालं नाही. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. मी उंबऱ्याबाहेर होतो. मला वाटलं, आता ताटली तिच्याकडे देतील. पण बुवा खातच राहिले. कित्येक दिवस या माणसानं आपल्या वाटची भाकरी बायकोला घातली होती, हे मला ठाऊक होतं. त्यांची भूक मात्र मी तोवर पाहिली नव्हती. ताटली पुसून झाली. मग त्यांनी ती पुढे केली आणि म्हणाले,

"वाढा."

ज्यांनी जन्मभर वाटी पालथी घातली, त्यांनी मागितलं. हिराबायला वाटलं, बायकोसाठी मागतायत, तिनं वाढलं. त्यांनी तेही खाल्लं. ते मऊ हाड चावल्याचा कुरकुर आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. झोळीतली पोर रडायला लागली. बुवांनी मान वर केली नाही.

"मेल्या, बाळंतिनीचं हाय ते!" हिराबाय ओरडली.

बुवांचा हात तोंडाशी थांबला. त्यांनी मडक्यात पाहिलं. तळाशी थोडं उरलं होतं.

राहीबाईचं तोंड तेव्हा झोळीकडे होतं. "ऱ्हाऊ द्या वो," ती पाठमोरीच म्हणाली. "मला तेवढं रग्गड हाय." आणि मग तिनं ते उरलेलं खाल्लं, नवऱ्याकडे न पाहता, औषध घ्यावं तसं.

त्यानंतर हिराबाय रोज यायची. ती आली की बुवा गॅलरीच्या टोकाला जाऊन कठड्याला धरून उभे राहायचे, राहीबाईचं जेवण होईपर्यंत. त्यांनी पुन्हा घास घेतला नाही. आणि एका सकाळी आतून राहीबाईची हाक आली, "आवं, धार आली बगा!" बुवा धावत आत गेले नाहीत. ते जिन्याकडे वळले. हिराबाय टोपली घेऊन वर येत होती. त्यांनी जिन्यातच तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठ रं," ती संकोचून म्हणाली. "वास लागेल अंगाला."

पोर जगली. तिचं नाव गोदू ठेवलं. ती बारीकच राहिली, पण जगली. मी हे आत्ताच सांगून टाकतो, कारण हे लिहिताना मलाच अधूनमधून भीती वाटत होती.

साथ ओसरली, माणसं परत आली, गिरणीच्या दारात पुन्हा गर्दी व्हायला लागली. नानाबुवाही परतले. चाळीत काही लपून राहत नाही. आल्या आल्या त्यांना सगळं कळलं. ते सज्जन होते. त्यांनी दोघांना तळमजल्याच्या खोलीत बोलावलं, मलाही बसवलं. राहीबाईला ते म्हणाले, "बाळंतीण होतीस, पोरीसाठी खाल्लंस, ते औषध. औषधाला दोष नाही." तिला अंघोळ करून यायला सांगितलं आणि तिची माळ तिच्या गळ्यात बांधली. ती पोरीला पाजायला वर गेल्यावर ते बुवांकडे वळले.

"तुम्हीही औषध म्हणूनच खाल्लंत. तिनं खावं म्हणून. हो ना?"

"पयला घास त्यासाठीच," बुवा म्हणाले.

"झालं तर. मग या असे पुढं."

बुवा जागचे हलले नाहीत. "दुसरा तिच्यासाठी न्हवता. त्यो माझा."

"भूक होती धोंडीबा. सगळ्यांनाच होती."

"भूक व्हती. पन चव बी लागली." ते जमिनीकडे बघत एकेक शब्द बोलत होते. "लई ग्वाड लागलं. पोर रडत व्हतं, आन् म्या मागून घेतलं. बाळंतिनीच्या वाटचं. अजून कोळनीची टोपली जवळनं गेली की तोंडाला पानी सुटतंय माझ्या. ह्या तोंडावर माळ कशी घालू?"

नानाबुवांनी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. "नुसतं 'औषध' म्हणा. एक शब्द. बाकी मी बघतो."

"त्यो शबुद राहीचा हाय," बुवा म्हणाले. "माझा न्हाई."

त्यांनी आपली माळ नानाबुवांच्या पुढ्यात ठेवली आणि खोलीबाहेर गेले. त्यांना कुणी वाळीत टाकलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो. त्यांनी स्वतःच स्वतःला उंबऱ्याबाहेर ठेवलं. एकादशीला ते यायचे, पण आत येत नसत. बाहेर बोळात, सगळ्यांच्या वहाणा असायच्या तिथं बसायचे. वीणा दुसऱ्याकडे गेली. मात्र गाताना ते बाहेरून सूर धरायचे आणि आतले सगळे, सवयीनं, त्या बाहेरच्या आवाजाला धरूनच गायचे.

पुढं कधीतरी राहीबाई माझ्या बायकोकडे काही मागायला आली होती. मी एकटाच घरात होतो. ती जाता जाता थांबली आणि म्हणाली, "भाऊसाब, तुमी त्या दिशी दारात व्हता."

"होतो."

"म्या तोंड फिरवलं व्हतं. पन म्या बघितलं सगळं."

ती म्हणाली, "त्यास्नी वाटतंय मला ठावं न्हाई त्यांनी कसं खाल्लं. मला ठावं हाय, आन् माझ्या मनात कायबी न्हाई. खाऊद्या की. उपाशी व्हतं त्ये. पन म्या बघितलं हे त्यांना कळलं तर त्ये घरात बी बसायचे न्हाईत. उंबऱ्याभायेरच जेवत्याल. तुमी बोलू नका."

मी बोललो नाही. ती माफ करून बसली होती आणि त्यांना ते कधी कळणार नव्हतं. ते स्वतःला शिक्षा करत होते आणि तिला ती थांबवता येत नव्हती. मधे मी, दोघांचं ठाऊक असलेला. शब्द पाळला. पाळून बरं केलं की वाईट, याचा विचार करत अनेक रात्री जागलो आहे.

काही वर्षांनी मला गिरगावात दुसरी नोकरी लागली आणि आम्ही लालबाग सोडलं. सामान खटाऱ्यात चढलं तो दिवस एकादशीचा होता. निरोप घ्यायला म्हणून मी संध्याकाळी भजनाला जाऊन बसलो. आत राहीबाई बायकांत बसली होती. नानाबुवा थकले होते, त्यांचा आवाज मधेच तुटायचा. बाहेर बोळात बुवा, मांडीवर झोपलेली गोदू. तिचे पाय लांब झाले होते, मांडीवर मावत नव्हते.

अभंग चालू असतानाच मी उठलो, कारण खटारेवाला खोळंबला होता. बाहेर येऊन बुवांपाशी वाकलो. त्यांनी गाणं न थांबवता माझा हात आपल्या हातात घेतला, कपाळाला लावला आणि सोडला. मी म्हणणार होतो, "बुवा, आत बसा आता." तोंडापर्यंत आलं होतं. पण ते डोळे मिटून सूर लावत होते, आणि आतले त्यांच्यामागून येत होते.

मी ढिगातून माझ्या वहाणा शोधून उचलल्या. तिथं थोडी जागा झाली. बुवांनी डोळे न उघडता पोरीचे पाय त्या जागेत नीट लांब करून ठेवले, पाठ भिंतीला टेकवली आणि पुढचं चरण धरलं.